जुन्या रायफलीची माशी बदलताना

"आबा, हिची माशीच कुणीतरी घासलीया. शंभर मीटरवर गोळी वीतभर वर लागतीया."

पाटण खोऱ्यातला एक तरुण दिवाळीनंतर साताऱ्याला माझ्याकडं आला होता. वडिलांच्या पश्चात परवाना त्याच्या नावावर झालेला, रायफल .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात), आणि तक्रार अगदी नेमकी. असा माणूस भेटला की बरं वाटतं, कारण बाकीचे "नेम लागत नाही" एवढंच सांगतात आणि पुढचं सगळं आपण ओळखायचं. माझी नोकरी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून झाली. आता दुरुस्तीचा परवाना माझ्याकडं नाही, त्यामुळं मी बघतो, मोजतो आणि सल्ला देतो, हत्यार उघडत नाही. त्या पोराला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. वारशानं अशी रायफल पहिल्यांदा हाती आलेल्या कुणालाही ते चालेल.

शब्दांचं आधी ठरवून टाकू. नळीच्या टोकावरची ती माशी, म्हणजे फोरसाइट. डोळ्याच्या बाजूची खाच किंवा भोक, म्हणजे बॅकसाइट. आणि 'स्पोर्टर' म्हणजे मूळची सैनिकी घडणीची, पण लाकूड कापून, वजन उतरवून शिकारीजोगी केलेली रायफल. .३०३ हा आपल्याकडं फौजेचा बोअर, सामान्य परवान्यावर तो मिळत नाही. म्हणून आपल्या भागात दिसतात त्या मुख्यतः ईशापूरच्या कारखान्यातल्या, ली-एनफील्डच्या (ब्रिटिश फौजेच्या जुन्या रायफलीच्या) घडणीवरच्या .३१५ च्या रायफली, आणि अधूनमधून जुन्या जर्मन माउजरच्या बॉडीवर (नळी आणि बोल्ट धरणाऱ्या पोलादी सांगाड्यावर) बांधलेल्या .३०-०६ वगैरे. सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही संस्थानं १९४८ साली विलीन झाली, पण त्या काळातल्या रायफली काही घरांत अजून आहेत. तुमच्या नळीवर जुन्या विलायती कारागिराचं नाव कोरलेलं असेल आणि मूळ साइट जागेवर असेल, तर हा लेख वाचा, पण तिला भोक पाडू नका. तिची किंमत तिच्या मूळपणात आहे.

आधी कागद

हे कंटाळवाणं आहे, पण पहिलं हेच. परवाना चालू आहे का, रायफलीचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळतो का, आणि परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे, हे बघा. सांगलीहून रायफल दुसऱ्या जिल्ह्यातल्या मिस्त्रीकडं न्यायची तर हद्दीचा प्रश्न येतोच. आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणं हत्याराची दुरुस्ती, बदल आणि चाचणी हे परवानाधारकाचंच काम. म्हणजे एमआयडीसीतला तुमचा मित्र कितीही हुशार टर्नर असला तरी रायफल त्याच्या लेथवर जाणार नाही. किर्लोस्करवाडीपासून सातारा एमआयडीसीपर्यंत हात बसलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत, म्हणून हा मोह मोठा असतो. तो आवरा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशानं आलेलं धरून. आणि पीक संरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. शिराळा-पाटणकडं गवा आणि रानडुक्कर उसात शिरतात हे मला ठाऊक आहे, मीही त्याच मातीतला. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून जनावरावर गोळी चालत नाही. या लेखातली सगळी नेमबाजी कागदाच्या टार्गेटवरची, परवानगी असलेल्या रेंजवरची आहे.

आणि हो, प्रत्येक मापाच्या आधी बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) काढा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या घरात) डोळ्यानं बघा, मग करंगळी घालून बघा. काडतुसं त्या खोलीतच नकोत.

खोट माशीचीच आहे का?

नवी साइट घ्यायला निघालेल्या माणसांतल्या काहींना साइट लागतच नाही. गोळ्या पसरतात, ग्रुप (म्हणजे गोळ्यांचा झुपका) जमत नाही, तर दोष साइटचा नसतो. साइट चुकीची असली तर गोळ्या चुकीच्या जागी, पण एकत्र लागतात. त्या पाटणच्या पोराच्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत होत्या, फक्त वीतभर वर. म्हणून त्याला लगेच म्हटलं, तुझं काम सोपं आहे.

गोळ्या पसरत असतील तर या गोष्टी बघा: बॉडीला दस्त्यात धरणारे स्क्रू ढिले आहेत का, लाकूड आकसून नळीला एका बाजूनं दाबतंय का, आणि नळीचं तोंड. तोंडाच्या कडेला खरचटा असेल तर जगातली कुठलीही साइट उपयोगाची नाही. वर्षानुवर्षं तोंडाकडून लोखंडी रॉड घालून साफ केलेल्या नळीचं तोंड एका अंगानं झिजतं. बारीक बॅटरी लावून, बोल्ट काढलेल्या नळीतून उजेडाकडं बघितलं की कळतं. साइट स्वतःच हलत असेल तेही ग्रुप फोडतं. अंगठ्यानं माशी दाबून बघा, केसभर जरी हलली तरी ती घट्ट करणं हाच पहिला इलाज.

काय उरलंय ते बघा

सैनिकी रायफलीची स्पोर्टर करताना कापाकापी कशी झाली त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ली-एनफील्डच्या पहिल्या नंबरच्या घडणीत, म्हणजे 'नंबर १' मॉडेलमध्ये, बॅकसाइट नळीवर, बऱ्यापैकी पुढं असते. तिची सरकती पट्टी २०० पासून २००० यार्डांपर्यंत खुणांची. शेतकऱ्याला २००० यार्डांचं काय करायचंय, पण फौजेला तेव्हा ते हवं होतं. पुढची माशी नळीवर चढवलेल्या एका ठोकळ्यात, आडव्या डोव्हटेलच्या (तळाशी रुंद, वर अरुंद अशा) खाचेत बसते. ठोकळा चावी आणि पिनेनं पक्का केलेला असतो. मूळ रायफलीत माशीच्या दोन्ही बाजूंनी टोपणाचे कान असतात. स्पोर्टर करताना ते टोपण जातं आणि माशी उघडी पडते, मग ती दरवाजाच्या चौकटीला, जीपच्या फाळक्याला आपटत राहते.

माउजरचं वेगळं. जर्मन गेव्हेर ९८ ची मूळ साइट ४०० मीटरपासूनच सुरू होते. मूळ साइट तशीच ठेवून कुणी १०० मीटरवर नेम धरला तर गोळी वर लागणारच, त्यात रायफलीचा दोष नाही. नंतरच्या के-९८ ची पट्टी १०० पासून आहे आणि पुढच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचं अंतर ५०० मिलीमीटर. स्पोर्टर करणाऱ्यांनी बरेचदा ही पट्टी काढून टाकलेली असते आणि नळीच्या पायऱ्या घासून गुळगुळीत केलेल्या असतात.

आता व्हर्नियर (बारीक माप घेणारं साधन) घ्या आणि वहीत पाच मापं लिहा. माशीपासून खाचेपर्यंतचं अंतर. माशीच्या टोकाची नळीच्या पृष्ठभागापासून उंची. माशीपाशी नळीची जाडी. मागच्या साइटपाशी नळीची किंवा बॉडीची जाडी. डोव्हटेलची रुंदी. शेवटच्या मापानं फसगत होते. अमेरिकी साइटची खाच साधारण पाऊण इंचाच्या निम्मी, म्हणजे ९.५ मिलीमीटरची असते, तर इंग्लिश आणि जर्मन खाचांची मापं निराळी. चाकू घासल्यासारखी कुणीतरी आधीच रुंद केलेली खाचही भेटते. माप न घेता मागवलेली माशी टेबलाच्या खणात पडून राहते, माझ्याकडं अशा तीन आहेत.

डोळा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळे रायफल बघून साइट निवडतात आणि नेम तर डोळ्यानं धरायचा असतो.

उघड्या साइटवर डोळ्याला तीन गोष्टी एकदम बघायच्या असतात: हातभर अंतरावरची खाच, त्याच्या दुपटीवरची माशी, आणि शंभर मीटरवरचं टार्गेट. डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघतो. विशीत-तिशीत तो इतक्या झपाट्यानं मागेपुढे करतो की कळत नाही. चाळिशी ओलांडली की आधी खाच धुरकट होते, मग माशी. माणूस म्हणतो रायफल बिघडली.

पीप साइट, म्हणजे मागं खाचेऐवजी बारीक भोक, यावरचा जुना आणि पक्का उपाय. भोकातून बघताना डोळ्यानं भोकाकडं लक्षच द्यायचं नाही. माशी भोकाच्या मध्यावर आपोआप येते, कारण मध्यातच उजेड जास्त. शिवाय बारीक भोकातून बघितलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट दिसतं. चष्मा विसरलेला माणूस मुठीचं भोक करून पाटी वाचतो, तेच हे. आपल्या शेजारच्या राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं जागतिक सुवर्ण घेतलं. दोघांच्याही रायफलीवर मागं भोकच होतं.

रायफलीला हात न लावता घरी करायचा एक प्रयोग सांगतो. सव्वादोन फूट लांबीची सरळ लाकडी पट्टी घ्या. पुढच्या टोकाला काड्यापेटीची काडी उभी चिकटवा, ती तुमची माशी. मागच्या टोकाला पुठ्ठ्याचे तुकडे आलटून पालटून लावा: एकात 'व्ही' खाच, एकात चौकोनी खाच, एकात साधारण दीड मिलीमीटरचं भोक, एकात तीन मिलीमीटरचं. खाचेचा पुठ्ठा डोळ्यापासून हातभर लांब धरा, भोकाचा चार बोटांवर. समोर कंपाउंडच्या भिंतीवर काळा तवा टांगा. सकाळी नऊला बघा, भर दुपारी बघा, आणि दिवेलागणीला परत बघा. दीड मिलीमीटरचं भोक दुपारी काडी कोरल्यासारखी दाखवतं आणि सांजेला सगळा अंधार करतं. तीनचं भोक जरा सैल वाटतं, पण सांजेलाही चालतं. पुठ्ठ्यापायी खर्च शून्य, आणि कुठली साइट घ्यायची ते निम्मं तिथंच ठरतं. मी तो पोरगा आणि त्याचा चुलता दोघांनाही हे करायला लावलं. पोराला 'व्ही' आणि भोक सारखंच दिसलं. पंचावन्नचा चुलता म्हणाला, "खाच कुठाय तेच कळंना."

चष्मेवाल्याकडं जायचं तर हीच पट्टी घेऊन जा. रायफल घेऊन जाऊ नका, हसू नका, हे घडलेलं आहे. त्याला सांगा की मला हे काडीचं टोक स्पष्ट दिसायला हवं. लांबच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण प्लस वाढवलेली एकसंध काच बहुतेकांना जमते. बायफोकल नको, मान वर-खाली करत बसाल.

मग कोणती घ्यायची?

तरुण डोळा आणि ५०-१०० मीटरचं अंतर असेल तर मागची उघडी साइट ठेवा आणि फक्त पुढची नीट करा. पैसे वाचतात, रायफलीची मूळ रेषाही राहते. मागं उथळ आणि रुंद 'व्ही', मध्यावर एक उभी पांढरी रेघ, पुढं गोल मणी, ही जुनी शिकारी जोडी पटकन नेमावर येते. कागदावर बारीक ग्रुप काढायचा असेल तर चौकोनी खाच आणि सपाट माथ्याची माशी. वरची कड एका रेषेत लावता येते, उंचीचा घोळ होत नाही.

मणी किती मोठा, यावर वाद घालण्यापेक्षा गणित करा. माशी डोळ्यापासून सुमारे ८०० मिलीमीटरवर असते. १.६ मिलीमीटरचा मणी तिथून १०० मीटरवरचं २० सेंटीमीटर झाकतो, म्हणजे जवळजवळ एक वीत. २.४ चा मणी ३० सेंटीमीटर झाकतो. ५० मीटरवर दोन्ही आकडे निम्मे. शंभरवर बारीक काम करायचं आणि पुढं वाटाण्याएवढा मणी लावायचा, हे जमणार नाही.

मण्याच्या रंगाबद्दल. पितळी किंवा सोनेरी मणी सावलीत छान दिसतो, पण गोलाकार चकचकीत मण्यावर ऊन एका बाजूनं पडलं की डोळा उजळ बाजूलाच मध्य समजतो आणि गोळी उलट्या बाजूला सरकते. नेम धरणाऱ्याकडची बाजू सपाट असलेला मणी घ्या. पांढरा मणी सांजेला बरा. लाल-हिरवा चमकणारा फायबर ऑप्टिक मला जुन्या रायफलीवर बैलाला गॉगल घातल्यासारखा वाटतो. दिसतो झकास हे मात्र कबूल, आणि दणक्यात तुटतोही लवकर. उन्हात रेंजवर मारायचं असेल तर सगळ्यांत स्वस्त आणि उत्तम म्हणजे काळी माशी. कापराची वडी पेटवून तिच्या धुरावर माशी धरायची, मखमली काजळी बसते. फौजेतही हेच करायचो.

डोळा चाळिशीच्या पलीकडं असेल तर पीप, आणि ती बॉडीवर, बोल्टच्या मागच्या पुलाजवळ (बॉडीचा बोल्टवरून जाणारा मागचा भाग) बसणारी. माउजरच्या बॉडीसाठी विल्यम्स आणि लायमन या अमेरिकी कंपन्यांच्या पीप साइट प्रसिद्ध आहेत. ली-एनफील्डसाठी इंग्लंडच्या पार्कर-हेलच्या जुन्या साइट, पहिल्या नंबरसाठी पीएच-५ए आणि चौथ्या नंबरसाठी पीएच-५सी. विकत घेताना मॉडेलचं अक्षर बघा, ए आणि सी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कुठलीही परदेशी साइट डीलरमार्फत मागवा, पावती जपा.

पीप नळीवर, पुढं बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भोक डोळ्यापासून लांब गेलं की त्याचा फायदा संपतो आणि गैरसोय तेवढी उरते. तसंच ते डोळ्याला टेकेल इतकं जवळही नको, रायफल मागं धक्का देते आणि भुवई फुटते. चार बोटं अंतर राहू द्या. स्क्रूनं निघणारी चकती असलेली साइट घ्या: दुपारी दीड मिलीमीटरची चकती, सांजेला चकती काढून नुसती कडी. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात त्या भोकात पाण्याचा थेंब अडकतो आणि समोरचं सगळं नाहीसं होतं. फुंकर मारली की काम होतं, पण पहिल्यांदा माणूस घाबरतो.

दुर्बिणीचं काय? दोन ओळींत सांगतो. माउजरचा सरळ बोल्ट आणि वर उचलायची सेफ्टी दुर्बिणीला आडवी येते, ली-एनफील्डवर माउंट बसवायला सपाट जागा नाही, आणि दस्ता इतका खाली असतो की गाल टेकत नाही. करता येतं, पण मग ती दुसरीच रायफल होते.

उंचीचं गणित

हा भाग वहीत करा. काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, गोळ्या झाडत झाडत उंची शोधायची चैन आपल्याला परवडत नाही.

सूत्र एकच: चूक गुणिले साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. त्या पोराची चूक २२० मिलीमीटर, साइटमधलं अंतर ४९०, टार्गेट १०० मीटर म्हणजे १,००,००० मिलीमीटर. उत्तर १.०८ मिलीमीटर. कुणीतरी माशी तेवढी घासली होती. त्याच मापावर माशीच्या उंचीत एक दशांश मिलीमीटर म्हणजे शंभरावर दोन सेंटीमीटर. केवढ्याशा घासण्यानं केवढं होतं बघा.

दिशा लक्षात ठेवायची तर एवढंच: मागची आज्ञाधारक, पुढची उलट्या काळजाची. गोळी उजवीकडं न्यायची तर मागची उजवीकडं, किंवा पुढची डावीकडं. गोळी वर न्यायची तर मागची वर, किंवा पुढची खाली. माशी घासली की गोळी वर जाते, घासलेलं परत येत नाही. म्हणून नवी माशी नेहमी थोडी उंच घ्यायची. त्याला १.१ हवी होती, मी दीड मिलीमीटर जास्त उंचीची सांगितली.

मागं सगळीच नवी पीप बसवताना पुढची माशी किती उंच हवी? सगळी मापं नळीच्या मध्यरेषेपासून धरा. समजा पीपचं भोक मध्यरेषेपासून ३० मिलीमीटर वर आहे. गोळी शंभर मीटरला जाता जाता खाली येते. .३१५ सारख्या संथ गोळीसाठी, म्हणजे सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास, ती सुमारे १५ सेंटीमीटर पडते, .३०-०६ ची त्याच्या निम्मी. तेवढं भरून काढायला नळीचं तोंड नेमाच्या रेषेपेक्षा किंचित वर बघायला हवं, म्हणजे पुढची माशी मागच्या भोकापेक्षा किंचित बुटकी. ६५० मिलीमीटर साइट-अंतराला हा फरक सव्वा मिलीमीटरच्या आत येतो. म्हणजे माशीचं टोक मध्यरेषेपासून पावणे एकोणतीस मिलीमीटर. तोंडाशी नळी १६ मिलीमीटर जाड, निम्मे ८ वजा करा, नळीवर पावणे एकवीस मिलीमीटर उंची हवी. मूळ माशी एवढी उंच कधीच नसते, म्हणून पीप बसवणाऱ्याला पुढं रॅम्पही (माशी उंचावणारी उतरती बैठक) बसवावा लागतो, आणि बजेट नेमकं तिथं दुप्पट होतं. हे आधी सांगणारा दुकानदार मला अजून भेटायचाय. पीपची सरकपट्टी मध्यावर ठेवून हे गणित करा, मग वर-खाली दोन्हीकडं जागा राहते.

मिस्त्रीकडं

परवानाधारक गनस्मिथकडं जाताना वहीतली मापं घेऊन जा आणि काम सुरू व्हायच्या आधी चार प्रश्न विचारा.

जुनी माशी कशी काढणार? डोव्हटेलमधली माशी नेम धरणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडं ठोकून काढायची आणि उजवीकडून डावीकडं बसवायची, पितळी पंचानं. साठ वर्षं बसलेल्या माशीला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल द्यायचं. लोखंडी खिळा आणि हातोडी बाहेर काढली तर रायफल उचला आणि नमस्कार करा.

रॅम्प कसा बसवणार? १६ मिलीमीटरच्या नळीत ८ मिलीमीटरचं भोक, म्हणजे भिंत चारच मिलीमीटर. त्यात स्क्रूसाठी खोल भोक पाडणं मला पटत नाही. पट्ट्याचा रॅम्प किंवा कथलाचा सॉफ्ट सोल्डर बरा. कथील-शिशाचा साधा सोल्डर १८३ अंशांना वितळतो, नळीच्या पोलादाला त्याचं काही वाटत नाही. पितळेचं ब्रेझिंग आणि वेल्डिंग मात्र नळीवर कधीही नाही. त्या उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं. नळीला परत ब्लूइंग (गंज रोखणारा निळा-काळा थर) करायचं असेल तर तेही आधीच सांगा, गरम कॉस्टिकच्या टाकीत सोल्डरचा जोड खराब होतो.

भोक कुठं आणि किती खोल? माउजरची बॉडी वरून कडक केलेली असते, ड्रिल घसरतं. मग काही जण ती जागा तापवून मऊ करतात. मागच्या पुलावर अनुभवी माणूस सांभाळून करतो, पण बोल्टचे दात जिथं अडकतात त्या पुढच्या कड्याला ज्योत दाखवायची नाही. चेंबरच्या वर भोक नाही, हे तर सांगायलाच नको.

आणि शेवटचा प्रश्न, नोंद आणि पावती कशी मिळेल? रायफल ठेवून यायची तर लेखी पोच घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

रेंजवर

पहिली गोळी २५ मीटरवर, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून. कागद मोठा लावा. वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानावर मध्ये काळा ठिपका, म्हणजे पहिली गोळी कुठंतरी दिसते तरी. इथं फक्त डावं-उजवं नीट करायचं. २५ वर मधोमध लागली म्हणजे १०० वर मधोमध लागेल असं धरू नका.

मग १००. तीन गोळ्या, हळू, प्रत्येकीच्या मध्ये नळी निवू द्या. तिन्हींचा मध्य काढा आणि त्या मध्यापासून चूक मोजा. एका गोळीवरून साइट हलवणारा माणूस दिवसभर साइटच्या मागं पळतो. सूत्र लावा, हलवा, परत तीन. पीप असेल तर तिथल्या तिथं होतं. माशी घासायची असेल तर आकडा वहीत लिहून मिस्त्रीकडं परत जायचं आणि हव्या त्याच्या निम्मंच घासायला सांगायचं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर कानशीचा एक हात फिरवतो आणि तार छेडून ऐकतो, परत एक हात, परत ऐकतो. माशीचं तसंच आहे. नोकरीत नवा असताना मी एका सरावाच्या रायफलीची माशी एका दमात घासली होती. दोन दशांश हवं होतं, चार गेलं. उस्ताद काही बोलला नाही, कानस माझ्या हातातून काढून घेतली आणि नवी माशी स्टोअरमधून आणायला मलाच पाठवलं, तिच्या कागदावर कारणासकट माझी सही घेऊन.

पाटणच्या पोराचं काम दोन फेऱ्यांत झालं. दुसऱ्या फेरीला नऊ काडतुसं गेली. रिकाम्या पुंगळ्या मोजून डबीत घातल्या, कारण पुढच्या खरेदीला हिशेब विचारला तर दाखवता यायला हवा. माशी आणि ठोकळा यांच्यावरून एक बारीक आडवी रेघ खरवडून घेतली, दोघांपैकी कुणीही सरकलं तर रेघ तुटलेली दिसेल. निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा होते, तिथं ती इतर वीस बंदुकांबरोबर भिंतीला टेकून उभी राहते, म्हणून माशीवर बसणारं पत्र्याचं टोपणही घ्यायला लावलं. परत मिळाली की आधी ती रेघ बघायची, मग पोच फाडायची.

कव्हरच्या खिशात एक कार्ड ठेवलंय: तारीख, अंतर, काडतुसाच्या डब्यावरचा लॉट नंबर, माशीची उंची. चुलत्यानं ते वाचलं आणि विचारलं, "आबा, मला त्या भोकाची साइट कितीला पडंल?"